पुलाखाली बॅटरी घेऊन उतरणाऱ्या पोरांना

गावातल्या आणि नदीकाठच्या शेजारच्या चार गावांतल्या पोरांनो,

रोहिण्या सरत आल्या. मृग तोंडावर आहे. पहिला दणक्याचा पाऊस झाला, ओढ्याचं गढूळ पाणी पूर्णेला भिडलं, की त्या रात्री तुम्ही पुलाखाली मासे धरायला जमणार. मागच्या साली मी पुलाच्या कठड्याला टेकून उभा होतो. तुमच्यातल्या दोघा-तिघांनी मला ओळखलं. "गुरुजी, न्या की पिशवीभर, लई घावलेत," म्हणालात. मी नको म्हणालो आणि घरी गेलो. बोलायला पाहिजे होतं तेव्हा बोललो नाही. चावडीवर सांगायला गेलो तर चार जण ऐकतील आणि दोघं हसतील. फोनवर मात्र तुम्ही रात्री बारापर्यंत वाचत असता. म्हणून हे पत्र इथं, सगळ्यांसमोर.

त्या रात्री मी काय पाहिलं ते आधी सांगतो, कारण पाण्यात उभ्या माणसाला ते वरून दिसतं तसं दिसत नाही. एकाच्या पाठीला दप्तरासारखी अडकवलेली बॅटरी, तिला जोडलेला इन्व्हर्टर, हातात दोन बांबू. एकाच्या टोकाला तारेचं कडं, दुसऱ्याच्या टोकाला जाळी. बांबू पाण्यात गेला की गुं असा बारीक आवाज यायचा आणि टॉर्चच्या उजेडात पाण्याचा तेवढा तुकडा पांढरा व्हायचा. मासे पोट वर करून तरंगायचे. जाळीत बसतील तेवढे तुम्ही उचलले. बाकीचे, बोटाच्या पेराएवढे, तसेच वाहत गेले. कुणीतरी एक हातभर शिवडा वर धरला. मधोमध वाकडा झाला होता, ओल्या चिंधीसारखा. तुम्ही फोटो काढलात. तो शिवडा मणक्यात मोडलेला होता. विजेच्या झटक्यानं माशाचे स्नायू दोन्ही बाजूंनी एकदम असे आवळतात की त्याचा कणाच तुटतो.

आणखी एक गोष्ट आहे, ती तुमच्यातल्या आयटीआयवाल्यांना लगेच कळेल. पाण्यात वीज सोडली की जागोजागी दाब वेगळा असतो. मासा जितका लांब, तितका त्याच्या तोंडापासून शेपटीपर्यंतचा फरक जास्त, आणि तितका त्याला झटका मोठा. म्हणजे करंट पहिला लागतो तो थोराड माशाला. आणि मृगाच्या पाण्यात थोराड मासा म्हणजे बहुतेक वेळा अंड्यांनी फुगलेली मादी. किलोभराच्या रोहूच्या पोटात दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. ती कशासाठी वर चढत होती, हे तुम्हाला सांगायची गरज नाही. पोट फाडल्यावर तुम्हीच गाभोळी वेगळी काढून तव्यावर टाकता.

आता मी कोण बोलणारा? माझा आजा भोई. पूल व्हायच्या आधी तो पावसाळाभर चप्पूवर माणसं, लेकुरवाळ्या बाया, कधी एखादं शेळीचं करडू पैलतीराला उतरवायचा आणि सुगीला खळ्यावरून त्याची ज्वारी आणायचा. बाप मासे धरून बाजारात बसायचा. मी शाळेत गेलो, डीएड केलं आणि 58 पूर्ण झाल्यावर जिल्हा परिषदेतून निवृत्त झालो. हात पाण्यातून काढले, पण मासे खायचे सोडले नाहीत. तेव्हा माशाला हात लावू नका असं सांगायला आलेला माळकरी मी नाही. काळ्या तिखटातलं वामीचं कालवण आणि ज्वारीची भाकरी समोर आली की मी अजूनही बोलणं बंद करतो.

आणि जुनं सगळं सोनं होतं असंही मी म्हणत नाही. आपले आजे-पणजे पाण्यात विष घालायचे. हिंगणबेटाची फळं नाहीतर गेळफळं कुटून तुटक्या डबक्यात टाकायची. त्याचा फेस माशाच्या कल्ल्यांत गेला की मासा गुंगून वर यायचा. खाणाऱ्या माणसाला त्याचं काही होत नसे. पण ते उन्हाळ्यात, ज्या डबक्याचं पाणी आठवड्यात आटणारच आहे अशा ठिकाणी. वाहत्या पाण्यात कुणी टाकत नसे, कारण ते वाया जायचं. आज त्या जागी ब्लीचिंग पावडर आणि कापसावरच्या फवाऱ्याचं औषध आलंय. ते डबक्यात थांबत नाही आणि ते खाऊन माणसाला काय होतं ते मला विचारू नका, तालुक्याच्या डॉक्टरला विचारा.

आता माझ्या घरातली गोष्ट. 1981 च्या उन्हाळ्यात मी चौदा वर्षांचा होतो. गावात विहिरीचं काम चालू होतं, सुरुंग लावणाऱ्याकडून माझ्या चुलतभावानं सुरुंगाच्या दारूचा एक तोटा आणि वातीचा तुकडा मिळवला. वरच्या अंगाला आसरांचा, म्हणजे पाण्यातल्या सात देवींचा, डोह आहे ना, तिथं आम्ही दोघं दुपारी गेलो. त्या डोहात जाळं टाकायचं नाही, असा भोयांचा नियम. आसरा आहेत की नाहीत या वादात मी पडत नाही. पण नदी तुटल्यावर सगळ्या पट्ट्यात जून होईपर्यंत टिकणारं पाणी तेवढंच असायचं, आणि पुढच्या सालचे आई-बाप मासे तिथंच दम धरून बसलेले असायचे. कुण्या शहाण्यानं त्या पाण्यावर सात बाया बसवून ठेवल्या, बरं केलं.

वात आखूड होती. तोटा हातातून सुटतो न सुटतो तोच फुटला. चुलतभावाच्या डाव्या हाताची तीन बोटं गेली. मी त्याला खांद्यावर घेऊन पळालो तेव्हा मागं वळून पाहिलं होतं, हे लिहायला आज लाज वाटते. डोहावर अकरा मासे तरंगत होते. मी मोजले होते. तिसऱ्या दिवशी बाप तिकडं गेला तर पाणी दिसत नव्हतं इतके फुगलेले मासे वर आले होते. सुरुंगानं माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुटते. पिशवी फुटली की पुष्कळ मासे तळाला जातात आणि कुजल्यावर वर येतात. म्हणजे आपण जे उचलतो ते मेलेल्यांतलं थोडंच असतं.

घरच्यांनी गावात सांगितलं, पोराचा हात मळणी यंत्रात गेला. गावानं ते मान्य केलं, म्हणजे मान्य केल्यासारखं दाखवलं. चव्वेचाळीस वर्षं झाली. चुलतभावाला विचारूनच हे लिहितोय. तो म्हणाला, "लिही. पण त्या डोहात पुन्हा मरळ कधी दिसली, तेबी लिही." बापाला पुन्हा दिसली ती सहा वर्षांनी.

मरळीचं सांगतोच. तुमच्यातले निम्मे लोक मरळ धरता, पण तिचा संसार पाहिलेले किती? पावसाळ्यात लव्हाळ्याच्या कडेला, संथ पाण्यात, कधी कधी पाण्यावर तांबडी-नारिंगी ठिपकी दिसते, परातीएवढी. ती हलते. जवळ गेलं तर कळतं, ती मरळीची पिल्लं आहेत, शेकड्यांनी, काडीपेटीतल्या काडीपेक्षा बारीक. मरळ वरची हवा घेते, पिल्लंही घेतात, म्हणून तो सगळा घोळका मिनिटा-मिनिटाला वर येतो आणि पाण्याला पाऊस पडल्यासारखं फुटफुट होतं. त्याच्या बरोबर खाली, हातभर पाण्यात, आई आणि बाप दोघं उभे असतात. बेडूक आला तर मरळ त्याच्यावर धावते, साप आला तर धावते. माझ्या पायावर एकदा आली होती.

आणि हेच तिचं मरण. घोळक्यात गळ सोडला की ती भूक नसतानाही तोंड मारते, पिल्लांवर काहीतरी आलं म्हणून. पाच मिनिटांचं काम. तशीच धरलेली मरळ मागच्या श्रावणात एकानं माझ्याच दारात आणली, दीड किलोची. ती गेल्यावर पिल्लांचा तो तांबडा घोळका संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बगळे आणि शिंगाळे मिळून त्याचा फडशा पाडतात. बाप म्हणायचा, "पिल्लावरच्या मरळीला गळ टाकणारा भोई न्हाई, त्यो चोर." त्यानं आयुष्यात पुस्तक वाचलं नव्हतं.

असाच नियम पारध्यांचा. फासेपारध्यांच्या फाशात गाभण हरणी किंवा पाडस अडकलं तर ते सोडून देत, हे माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी अभ्यास करून लिहून ठेवलंय. त्यांनी आणखी एक नोंद केली, ती मला फार आवडते. एकाच माळरानावर तीन जमाती शिकारीवर जगत, पण एकमेकींच्या आड येत नसत. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीमागे. वैदू मुंगूस-मांजरासारखी लहान जनावरं आणि पाण्यातले मासे-कासवं. फासेपारधी फासे लावून काळवीट आणि पाखरं. माळ एकच, ताटं तीन. त्यातल्या पारध्यांवर इंग्रजांनी 1871 च्या कायद्याचा जो शिक्का मारला, तो 1952 साली कागदावरून निघाला, लोकांच्या डोक्यातून अजून निघाला नाही. आजही कुठं काळवीट मेलं की पोलीस आधी पालावर जातात. आणि आपल्या शिवारात रात्री चारचाकीच्या दिव्यावर ससे आणि लाव्हऱ्या मारणारी पोरं कोण आहेत, ते तुम्हाला माहीत आहे, मलाही आहे. त्यातल्या एकाच्याही घरात चूल त्याच्यावर अवलंबून नाही.

शिकार या मातीला नवी नाही. ज्या अजिंठ्याच्या डोंगरात आपली पूर्णा उगम पावते, तिथली लेणी जगाला पुन्हा दिसली तीच मुळी शिकारीमुळं. 28 एप्रिल 1819 रोजी वाघाच्या मागावर गेलेला जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी. आणि आत भिंतीवर काय? 10 आणि 17 नंबरच्या लेण्यांत षड्दंत हत्तीची गोष्ट रंगवली आहे: राणीच्या हट्टापायी हस्तिदंत आणायला गेलेला व्याध, आणि त्याला स्वतःच सुळे देऊन टाकणारा हत्ती. दीड-दोन हजार वर्षांपूर्वी ज्यानं ते काढलं, त्यानं हत्ती आणि व्याध दोघंही जवळून पाहिले असणार.

आणि नदी म्हणजे कायमचीच, असंही समजू नका. लातूर जिल्ह्यात मांजरा नदीच्या काठच्या थरांत हत्तींचे आणि पाणघोड्यांचे सांगाडे सापडले आहेत. होय, पाणघोडे, मांजरेत! जे जनावर दिवसभर पाण्यात डुंबल्याशिवाय जगत नाही, ते तिथं नांदत होतं. त्याच लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं.

आता तुमचं म्हणणं. मला ते ठाऊक आहे, कारण तुम्ही पुलावर मोठ्यानं बोलता.

एक म्हणाला होता, मासे आमच्यानं संपले काय? धरणं कुणी बांधली? बरोबर आहे. वर येलदरी, सिद्धेश्वर. गोदावरीवर पैठणला जायकवाडी, 1965 ला पायाभरणी आणि 1976 ला उद्घाटन. खाली नांदेडला विष्णुपुरी, त्याखाली बाभळी, आणि त्याच्याही खाली तेलंगणात पोचमपाड. यातल्या कुठल्याही भिंतीपाशी चढणीच्या, म्हणजे अंडी घालायला वर चढणाऱ्या, माशाला कुणी विचारलं नाही, बाबा तू कसा वर जाणार. बाभळीचं तर बघा. सुप्रीम कोर्टाच्या 2013 च्या निकालाप्रमाणं तिथली दारं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी ठेवतात. ते दोन राज्यांच्या पाण्याचं भांडण मिटवण्यासाठी, माशासाठी नव्हे. मृग लागतो 7 जूनच्या आसपास. म्हणजे पहिल्या लोंढ्याला जो मासा खालून निघतो, त्याच्यापुढं दार बंदच. उरला कोण? दोन भिंतींच्या मधे अडकलेला, इथलाच, पूर्णा गोदावरीला मिळते त्या कंठेश्वरच्या संगमापासून आपल्या ओढ्यापर्यंतचा मासा. तो तेवढाच आहे. धरण बांधणाऱ्याच्या नावानं त्याला करंट मारून काय साधणार?

वाळूचंही तेच. हायवा भरभरून वाळू गेली, डोह बुजले नाहीतर खरवडून निघाले, वामीला लपायला कपार उरली नाही. त्याच्यावर वेगळं पत्र लिहायचंय, आणि ते तुम्हाला नसेल.

दुसरा म्हणाला, सरकार माशांचं बीज सोडतंय की दरसाल, संपतील कसे? सोडतंय, खरं आहे. 10 जुलै 1957 ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी माशाला पियुषिका ग्रंथीचा अर्क टोचून बंद पाण्यात अंडी घ्यायला लावली, तिथून सगळ्या हॅचऱ्या उभ्या राहिल्या. पण त्या कुणाच्या? रोहू, कटला, मृगळ यांच्या. तळ्यात सोडायला जी बोटुकली येतात त्यात तुम्ही कधी शिवडा पाहिलाय? वाम पाहिलीय? ती नदीची नदीलाच वाढवावी लागते. शिवडा आता जगभरच्या धोक्यातल्या जातींच्या लाल यादीत गेलाय, 2019 पासून. तुमच्या त्या फोटोतला मोडका मासा त्यातलाच. उलट नको ते मासे मात्र फुकट वाढतात. चिलापी तोंडात अंडी सांभाळते, तिला चढायची गरजच नाही. आणि थाई मांगूर, ज्याच्यावर 2000 सालीच बंदी आली, तो पुरात कुणाच्या तरी शेततळ्यातून सुटून येतो आणि दिसेल ते खातो. पुढच्या दहा वर्षांत पुलाखाली फक्त हे दोनच घावणार असतील, तर मग तुम्ही रात्र कशाला जागवता? बाजारात स्वस्तात मिळतील.

तिसऱ्याचं म्हणणं, कायदा कुठाय? तर 1897 सालच्या इंग्रजांच्या मत्स्य कायद्यातही पाण्यात सुरुंग लावणं आणि विष घालणं गुन्हाच होता. दोन महिन्यांची कैद किंवा 200 रुपये दंड. त्या काळातले 200 रुपये. पण मी तुम्हाला पोलिसाची भीती घालायला बसलो नाही. भीती घालायचीच तर आकड्याची घालेन. बॅटरी संपली की तुमच्यातले काही जण शेतातल्या मोटारीच्या लाइनवर आकडा टाकून केबल नदीत सोडतात. पाण्यात उभ्या माणसाच्या पायाला ती वीज मासा आणि माणूस असा फरक विचारत नाही. आणि दोघं बांबू धरून उभे असताना तिसरा अंधारात डीपीजवळ काय करतोय, ते कुणालाच दिसत नसतं. तीन बोटांवर भागलं म्हणून माझा चुलतभाऊ आज हे सांगायला आहे.

तर मागणं काय? पुष्कळ नाही. करंट, तोटा, पावडर कायमचं बंद. आणि मृगाच्या पहिल्या लोंढ्यापासून नागपंचमीपर्यंत ओढ्याच्या तोंडाशी आणि पुलाखाली जाळं आडवं लावायचं नाही. एवढेच दिवस. कोकणात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या समुद्रात जात नाहीत, आणि जुने कोळी तर नारळी पौर्णिमेशिवाय दर्याला हात लावत नाहीत. त्यांची पोटं तर त्याच्यावरच आहेत. नागपंचमीनंतर धरा, खा, विका. तंगूसाचं जाळं लावलात तरी चार बोटं जातील एवढ्या घराचं लावा. बारीक घराचं जाळं म्हणजे नदीला चाळण लावणं. आसरांच्या डोहात टाकू नका. आणि तांबडा घोळका दिसला तर तिथं गळ नको. हवं तर उभं राहून बघा. फोटो त्याचा काढा, लोक तो जास्त बघतील.

तुमच्यातले दोघं-तिघं भोयांच्याच आळीतले आहेत. जाळं फेकायला येतं का, असं विचारलं तर मान खाली घालता. त्यात तुमची चूक नाही, आम्हीच शिकवलं नाही. नोकरीच्या मागं लागलो. माझ्या बापाचं फेकजाळं अजून घरात आढ्याला टांगलेलं आहे. सुती होतं ते गेलं, हे नायलॉनचं, पण विणलंय त्यानंच. सुती जाळं तो बाभळीच्या सालीच्या काढ्यात बुडवून ठेवायचा. त्याचा तो तुरट वास मला अजून पावसाळ्यात येतो, जाळं नसतानाही. या जाळ्याच्या काठाला शिशाचे मणी आहेत, काही पडलेत. दोन ठिकाणी उंदरानं कुरतडलंय. परवा बसून सांधायला घेतलं तर गाठ आठवेना, मग चुलतभावानं उरलेल्या बोटांनी घालून दाखवली.

नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते घेऊन पुलाच्या खालच्या अंगाला, जिथं वाळूचा दांडा आहे तिथं येतो. ज्याला शिकायचंय त्यानं यावं. एक टोक दातात धरायचं असतं, बाकीचं कोपरावर. दात पक्के असतील तर बरं, माझे नाहीत.

तुमचाच,
भोई आळीतला गुरुजी